जीभ काढलेली घंटा

मी एक जुनी पितळी घंटा आहे आणि मी एका माणसाला अजून माफ केलेलं नाही. हे आधीच सांगून टाकलेलं बरं. म्हणजे मित्रांनो, शेवटी तुमचा हिरमोड व्हायला नको.

माझा जन्म एका ओताऱ्याच्या भट्टीत झाला. त्याने मला साच्यातून काढलं, घासलं, वर लाकडी मूठ बसवली आणि पोटात लोखंडी लोळा टांगला. लोळा म्हणजे माझी जीभ. मला पहिल्यांदा हलवून बघितल्यावर ओतारी म्हणाला, "हिचा आवाज तिखट आहे." तो आवाज आणि तो तिखटपणा दोन्ही मी आजवर जपले आहेत.

तिथून मी एका शाळेत आले आणि मावशीच्या हाती पडले. मावशी शाळेत शिपाई होती. मुलंच काय, हेडमास्तरसुद्धा तिला मावशीच म्हणायचे. एकतीस वर्षं तिने मला वाजवलं. मधल्या सुट्टीला वाजले की मुलं माझ्यावर जीव टाकायची आणि सुट्टी संपल्यावर वाजले की तीच मुलं मला शिव्या घालायची. मावशीला मात्र दुसरंच वेड होतं. शनिवारी शाळा सुटली की ती मला पिशवीत घालायची, धाकट्या जावेला हाक मारायची आणि दोघी बास्केटबॉल बघायला जायच्या. आमच्या पिवळ्या संघाच्या मैदानात, बास्केटच्या बरोब्बर मागे, तिसऱ्या रांगेत त्यांच्या दोन खुर्च्या ठरलेल्या होत्या.

खेळ मला मावशीनेच शिकवला, त्यामुळे मतंही तिचीच लागली. हिरवा संघ म्हणजे नुसता पैशाचा माज. पाच महागडे खेळाडू, पण बचाव करायला गुडघे वाकवायचे म्हटलं की पाचही जणांच्या जिवावर येतं. त्यांचा तो केस रंगवलेला, त्याला वारा लागला तरी तो लोळण घेतो आणि पंचाकडे केविलवाणं बघतो. राखाडी संघ जरा पुढे गेला की चेंडू कुरवाळत वेळ काढत बसतो. आमचा कर्णधार बुटका होता, त्याला लोक हसायचे. पण चेंडू कुणाकडे द्यायचा हे त्याला मागे न बघता कळायचं. "याला पाठीला डोळे आहेत," मावशी म्हणायची. जाऊ म्हणायची, "उंचीही असती तर बरं झालं असतं."

आणि निळा संघ. त्यांच्याबद्दल मी चांगलं बोलणार नाही, कारण आमचा खांब्या त्यांनीच नेला.

खांब्या आमच्याकडे आला तेव्हा एकोणीस वर्षांचा होता. उंच, सडपातळ, दारातून वाकून यायचा, म्हणून खांब्या. खेळायचा छान, पण फ्री थ्रो म्हटलं की गळपटायचा. समोरच्याने धक्का दिला की मिळते ती ही मोकळी फेक. समोर कुणी अडवायला नसतं, फक्त तुम्ही, चेंडू आणि बास्केट. आणि मागे बसलेले हजार लोक तुमच्या नावाने ओरडत असतात. तो दुपारी सराव करायला आमच्या शाळेच्या मैदानावर यायचा. एके दिवशी पायरीवर बसून मावशीला म्हणाला, "लोक ओरडले की माझे हात थरथरतात हो, मावशी. प्रशिक्षक म्हणतात, असंच चाललं तर घरी पाठवू."

"एवढंच ना? मी घंटा वाजवते, तू चेंडू टाक," मावशी म्हणाली. "हिच्या आवाजाची सवय झाली की बाकीचे तुला काय घाबरवणार?"

दोन वर्षं, रोज दुपारी दोनशे फेकी. मावशी स्वतःचा अर्धा डबा त्याला द्यायची आणि मला घेऊन बास्केटच्या मागे उभी राहायची. त्याचे वाकलेले गुडघे सरळ व्हायला लागले की ती मला जोरात खाली आणायची. ठण्ण. आधी तो दचकायचा. मग दचकेनासा झाला. पुढे पुढे माझा ठोका पडला की चेंडू त्याच्या हातातून आपसूक सुटायला लागला. हे फक्त माझ्या लक्षात आलं. त्याला वाटलं, आपण बेडर झालो. मावशीला वाटलं, पोरगा तयार झाला.

चार वर्षं तो आमच्यासाठी खेळला आणि त्याच्या प्रत्येक फेकीला मी वाजले. मग निळ्यांनी बोलावलं आणि तो गेला. जायला माझी हरकत नव्हती. खेळाडू जातातच. पण टीव्हीवर मुलाखतीत त्याला जुन्या गावाबद्दल विचारलं, तेव्हा तो हसून म्हणाला, "तिथे खेळ कुणाला कळतो? एक म्हातारी गंजकी घंटा बडवत बसते, तिनेच माझं डोकं उठायचं."

मित्रांनो, पितळ गंजत नाही. माझ्या तळापासून मुठीपर्यंत आग झाली. मावशीने टीव्ही बंद केला आणि चिंच लावून मला इतकं घासलं की माझ्यात तिचा चेहरा दिसायला लागला. "येऊ दे त्याला," एवढंच ती म्हणाली.

तो आला. निळ्या कपड्यांत आमच्यासमोर फ्री थ्रोला उभा राहिला. मावशीने सगळा जीव एकवटून मला हाणलं आणि चेंडू अलगद जाळीतून खाली गेला. दुसराही गेला. पुढच्या मोसमातही तेच झालं. एकोणीस फेकी, एकोणीसच्या एकोणीस आत. मावशीच्या हाताला तोच क्षण ठाऊक होता हो! इतरांना ती त्या ठोक्याने दचकवायची आणि ते चुकायचे, पण याला आम्ही ताल धरून देत होतो. आम्ही दात-ओठ खाऊन सूड घेत होतो आणि आमच्या सूडावर तो गुण मिळवत होता. हे मला कळत होतं, पण सांगणार कशी? मला येऊन जाऊन एकच शब्द येतो, आणि तोच तर त्याला हवा होता.

दरम्यान शाळेत विजेची घंटा आली आणि मावशी निवृत्त झाली. निरोपाच्या दिवशी हेडमास्तरांनी मलाच कागदात गुंडाळून तिच्या हातात ठेवलं. बहुतेक दुसरं काही आणायचं राहून गेलं असावं. घरी मी फळीवर बसले आणि आठवडाभर शनिवारची वाट बघत राहिले.

तिसऱ्या मोसमात आमची अवस्था वाईट होती. शेवटचा सामना निळ्यांशी, आणि हरलो तर संघ खालच्या गटात जाणार होता. खालच्या गटाचे सामने आमच्या मैदानात होत नाहीत. म्हणजे मावशीची तिसरी रांग कायमची गेली. 

मैदानाच्या दारावरच्या पहारेकऱ्याने तिची पिशवी उघडली. तो तिच्याच शाळेत शिकलेला. माझ्यामुळे तो रोज उशिरा आल्याचं सगळ्या शाळेला कळायचं.

"मावशी, घंटा आत नेता येणार नाही," तो म्हणाला. "खांब्याने अर्ज दिलाय. त्रास होतो म्हणे. वाजणारी वस्तू आत नको असा हुकूम आहे."

"तीस वर्षं नेतेय मी."

"माझी नोकरी जाईल हो."

जाऊ म्हणाली, "मग वाजेनाशी कर आणि दे."

त्याने थोडा विचार केला, पक्कड आणली आणि माझा लोळा उपटून टेबलाच्या खणात टाकला. मला वेदना झाल्या, खोटं कशाला बोलू? मावशीचे डोळे भरून आले. मी मात्र मनातल्या मनात पहारेकऱ्याचे आभार मानत होते.

शेवटचे चार सेकंद उरले होते. आम्ही एका गुणाने पुढे होतो आणि खांब्याला दोन फेकी मिळाल्या, त्याही आमच्याच समोरच्या बास्केटवर. मावशी उभी राहिली. जावेने तिचा पदर ओढला. "अहो ताई, मुकी आहे ती आता."

"असू दे. दिसू दे त्याला," मावशी म्हणाली आणि मला उंच धरलं.

त्याने मला बघितलं. गुडघे वाकले, सरळ व्हायला लागले आणि मावशीचा हात खाली आला. सगळं मैदान ओरडत होतं, पण त्या ओरडण्यातून तो माझा ठोका शोधत होता. त्याचे हात क्षणभर अडखळले. चेंडू रिंगच्या पुढच्या कडेवर आपटून बाहेर आला. दुसऱ्या वेळी तो माझ्याकडे टक लावून बघत राहिला. मावशीने मला आणखी जोरात हाणलं. चेंडू रिंगपर्यंतही पोचला नाही.

आम्ही वाचलो. मला किती आनंद झाला म्हणून सांगू! आयुष्यात इतकी गोड गप्प मी कधी बसले नव्हते.

मैदान रिकामं व्हायला लागल्यावर तो तिसऱ्या रांगेशी आला. "मावशी, वाजवली का नाहीत?"

मावशीने मला उलटं करून दाखवलं. त्याने माझ्या पोटात बोट घालून बघितलं. तिथे काहीच नव्हतं.

"तुझ्याच अर्जावरून हिची जीभ काढली," मावशी म्हणाली.

त्याने बोट बाहेर काढलं. मग हळूच म्हणाला, "शाळेतसुद्धा हिच्याच ठोक्यावर टाकायचो का मी?"

मावशीचा हात माझ्या मुठीवरच थांबला. तिलाही ते तेव्हाच कळलं. तिने त्याच्याकडे बघितलं, मला पिशवीत घातलं आणि निघाली.

दुसऱ्या दिवशी पहारेकरी माझा लोळा घरी आणून देऊन गेला. मावशीने तो फडक्यात बांधून डब्यात ठेवला. तेव्हापासून मी फळीवर मुकी बसून आहे. जाऊ माझ्या मुठीला किल्ल्या अडकवते. हा अपमानही मी लक्षात ठेवला आहे.

मित्रांनो, जुन्या वस्तूंची निगा राखा. आम्हाला घासा, पुसा, वापरा, फळीवर टाकून देऊ नका. आणि निदान आमच्याबद्दल चारचौघांत वाकडं बोलू नका, कारण तुम्ही घडत होता तेव्हा आम्ही तिथे होतो. माझा लोळा परत बसवा, एवढीच माझी विनवणी आहे. फक्त पुढच्या मोसमात निळे येतील त्या एका दिवशी आठवणीने तो काढून ठेवा.