चिराईत सापडली

लग्नाचं ठरवायला म्हणून धम्मपाल आणि संघमित्रा दुसऱ्यांदा भेटत होते. पहिल्या भेटीत नातेवाइकांचा एवढा गराडा होता, की दोघांचं बोलणं पोह्यांपुढे गेलंच नाही. आज मात्र दोघंच जोगेश्वरीहून रिक्षाने, आरेच्या रस्त्याने, पवईला कॉफी प्यायला निघाले होते. सप्टेंबर होता, गवत तरारलेलं. संघमित्रा बाहेर बघत होती.

अचानक संघमित्रा ओरडली, "थांबवा! रिक्षा थांबवा!"

ब्रेक लागतो न लागतो तोच ती उतरून गवतात घुसलीसुद्धा. चिखलात सँडल रुतली, ती तिथेच सोडून अनवाणी पुढे. आणि समोर ते निळं फूल!

धडपडत मागे आलेला धम्मपाल म्हणाला, "केना आहे हा. गावाला आजी भजी करायची."

"छे! केन्याच्या मोठ्या निळ्या पाकळ्या दोनच. ह्या मोज ना, चार! खोड बोटांत फिरवून बघ."

'तुम्ही'चं 'तू' कधी झालं, तिला कळलंही नाही.

"अरे, चौकोनी लागतंय!"

"पानं समोरासमोर, मधे पिवळे केसर... चिराईत आहे यार ही!"

कॉलेजात वनस्पतिशास्त्र शिकताना तिने चिराईत पाहिली होती ती वाळवून कागदाला चिकटवलेली, चहाच्या चोथ्याच्या रंगाची. पुढे अंधेरीत विम्याची नोकरी लागली आणि झाडंझुडपं मागे पडली. ही एवढी निळी असते? तिला हसूच आवरेना.

"नक्की?"

"चिराईत असेल तर पान कडूजहर लागेल."

त्याने पानाचा तुकडा तोडून चावलासुद्धा. "आई गं! वाट लागली!" त्याचं वेडंवाकडं तोंड बघून तिनेही चावला. मग दोघं थू थू करत पोट धरून हसत सुटले.

तेवढ्यात आईचा फोन. "काय गं, कुठवर आलं बोलणं?"

"आई, चिराईत सापडली!"

"काय सापडली? मुलगा कसा वाटतोय ते सांग!"

संघमित्राने वळून पाहिलं. पांढऱ्याशुभ्र शर्टासकट धम्मपाल चिखलात पालथा पडून दुसरं फूल तपासत होता. "हिलाही चारच गं! झकास!"

"हो म्हणून कळव त्यांना," ती म्हणाली.

"कोणाला हो?" जमिनीवरून प्रश्न आला.

"तुला, वेड्या!"

तो ताडकन उठला, घसरला आणि फतकल मारून पुन्हा चिखलात बसला. कॉफी राहूनच गेली.