हौदातल्या पिसवा

चूक माझ्याच जिभेची, हे आधीच कबूल करते. दवाखान्याच्या अंगणात एक हौद आहे. त्याच्या साचलेल्या पाण्यावर राईहून बारीक, राखाडी किड्यांचा थर तरंगतो. राख सांडल्यासारखा दिसतो, फुंकर मारली की टुणटुण उडतो. त्यांना मी लाडाने 'माझ्या पिसवा' म्हणायचे. जन्मभर पाण्यावर राहतात, पण भिजत नाहीत. कुजकं-नासकं खातात. माणसाला कधी चावत नाहीत.

हेडक्लार्क साहेब तिखट कानाचे. त्यांनी ऐकलं आणि रजिस्टरात लिहिलं, 'हौदात पिसवा झाल्या आहेत.' झालं! दुसऱ्याच दिवशी हुकूम निघाला, हौद बुजवा, वर फरशी घाला. वीस वर्षं मी इथली माळीण. खाटेवरून हलता न येणारे पेशंट खिडकीतून हौदातली तेवढी कमळं बघतात. माझं डोकंच फिरलं.

"साहेब, या पिसवा नव्हेत हो!"

"तुम्हीच म्हणत होतात, मावशी."

"लाडाने! नातवाला मी माकड म्हणते, म्हणून त्याला शेपूट फुटतं का?"

बाही वर करून कोपरापर्यंत हात हौदात घातला. बाहेर काढला तेव्हा किडे त्यावर चालत होते. "मोजा, किती चावतात!" हौदाभोवती जमलेल्या सगळ्या ऑफिसचा चहा गार झाला, पण हात काही लाल झाला नाही.

"आता तुमचा हात घाला."

साहेबांनी हात पाठीमागे नेले. नर्सबाई फिसकन हसल्या.

"तुमचं खरं असेल हो," ते म्हणाले, "पण नोंद झालीये. ती खोडता येत नाही. 'मी खोटी माहिती दिली', असं तुम्ही लिहून दिलंत तरच हुकूम मागे घेता येईल."

म्हणजे माझ्या सेवापुस्तकात लाल शेरा. पुढच्या महिन्यात मी मुकादम होणार होते, तेही गेलं. आणि यांनी न बघता लिहिलं, त्याचं काय? त्याला कुठेच शेरा नाही! तरी लिहिलं, 'मी खोटं बोलले.' खाली सही ठोकली.

साहेबांनी नवं पान उघडलं. "मग या किड्यांचं नाव काय लिहू?"

"काहीही लिहा," मी म्हटलं. "फक्त तुमचं नको. ते बिचारे चावत नाहीत."