ओढ्याकडचा बांध

वडजच्या खंडोबाची आन! यातलं एक अक्षर जरी खोटं निघालं, तर माझ्या जिभंला हाड फुटू दे!

नारायणगावच्या अलीकडं रखमाजीचं टोमॅटोचं वावर. उतार सगळा ओढ्याकडं. शेजाऱ्याचा बांध कोरावा तर कोर्टकचेरी व्हती, म्हणून रखमाजीनं ओढ्याकडचाच कोरला. गवत उपटलं, दोन सऱ्या जास्त काढल्या. "ओढा काय भांडाया येतोय व्हय?" म्हणाला, आन् कोंबडखत टाकलं सढळ हातानं.

ओढा न्हाई आला, पाऊस आला. खत धुऊन खालच्या डोहात. डोह हिरवा पडला, आन् वास असा, की कावळंबी नाक दाबून उडायचं.

त्या डोहावर रखमाजीची चंद्री म्हस पाणी प्यायची. लई जीव व्हता त्याचा तिच्यावर. तिनं तोंड फिरवलं ते फिरवलंच. दावं तोडून ओढ्याच्या वरच्या अंगाला, पीरमहंमदच्या बांधावर जाऊन बसली. चुचकारली, ओढली, पेंड दाखवली, हालंना. धारबी काढू देईना.

"म्हस गेली माहेरी," ठमाबाई नवऱ्याला म्हणाली. "आता माझीच पाळी."

रखमाजी तणतणत गेला. "पीरभाई, काय चारलंस रं माझ्या म्हशीला?"

"मी कशाला चारू? पाणी पिती आन् बसती. तू बी बस राव, सर आलीया."

दोघं पोत्याची खोळ घेऊन बसले. पीरमहंमदच्या उसातलं गढूळ पाणी बांधावरच्या दाट गवतात शिरायचं, रेंगाळायचं, गाळ तिथंच टाकून ओढ्यात निवळ उतरायचं. खाली रखमाजीच्या वावरातनं मात्र चहासारखा लोंढा थेट डोहात. चंद्रीनं मालकाकडं बघितलं, आन् शिंग उचलून त्या लोंढ्याकडं दाखवलं.

रखमाजीची मान खाली. "ठोंबं देतोस का रं गवताची?"

"ने की. तुझ्या म्हशीनं खाऊन उरली असतील तेवढी ने!"

लगडलेल्या दोन सऱ्या रखमाजीनं आपल्या हातानं उपटल्या. पुन्हा बांध घातला, गवत लावलं, वरच्या अंगाला चर काढला. खताचा ढीग घरामागं नेऊन ताडपत्रीखाली झाकला.

"दोन सऱ्यांपायी केवढी हौस!" ठमाबाईनं टोमणा मारलाच, पर ठोंबं दाबाया तीच पुढं.

गवतानं मूळ धरलं. पुढं पाऊस झाला, तरी डोह हिरवा पडला न्हाई. एक दिवस चंद्री आपल्या पायानं खाली आली, पाणी हुंगलं, आन् पोट फुगंस्तवर प्याली. रखमाजी तिच्या पाठीवर हात फिरवत तिथंच उभा.

आता खंडोबाला फसवायचं न्हाई. म्हशीनं शिंगानं दाखवलं, ते तेवढं माझ्या पदरचं.

शेपटीनं दाखवलं व्हतं.