सागातला खिळा

भांडायचं म्हटलं की मिनाला भूक आठवत नसे. त्या सकाळीही भाकर ताटात तशीच ठेवून ती आईशी, तिच्या याडीशी, वाद घालत होती.

"डोंगरावरची बाकी सगळी झाडं घे," बेबीबाई म्हणाली. "त्या म्हाताऱ्या सागाला हात लावू नको. तुझ्या बाचं ऊन तिथं खिळलंय."

मिना दहावीला असताना तिच्या बाला, धर्मसिंगला, ऊन लागलं होतं. अंगाची नुसती भट्टी झाली होती. भगतानं एक खिळा त्याच्यावरून उतरवला आणि बेबीबाईनं तो स्वतःच्या हातानं सागात ठोकला. खिळा आत आहे तोवर ऊन माघारी येत नाही, असं सारा तांडा मानायचा. सालीनं तो खिळा कधीच गिळून टाकला होता.

औंढ्याच्या डोंगरातल्या सागांवरून जुन्या उन्हाळ्यांचा माग काढायचा, हे मिनाचं संशोधन. साग वर्षाला एक वलय धरतो, आणि उन्हाळा फार तापला की ते वलय बारीक पडतं. पोकळ गिरमिटानं पेन्सिलीएवढी काडी काढली की ती सगळी वर्षं हातात येतात. झाडाला काही होत नाही. डोंगरावर सगळ्यात जुना तोच साग होता.

"खिळा कुठंय ते तरी सांग याडी, मी बाजूनं घेते."

"न्हाई सांगणार."

आता अशा बाईपुढं काय बोलायचं? आणि लेक तरी कुठे कमी होती!

"भांडा तुमी," धर्मसिंग टॉवेल खांद्यावर टाकत म्हणाला. "मी चाललो हळदीच्या कुकरावर." शिजणाऱ्या हळदीखाली जाळ घालायचं काम होतं त्याचं.

मिना डोंगर चढली. अंदाजानं सागाची मागची बाजू निवडून तिनं गिरमिट फिरवायला घेतलं. थोडं आत गेलं आणि खट्‌कन अडलं. ती दचकून मागं सरली. सगळा जोर लावून तिनं ते उलटं फिरवलं, तेव्हा एक आखूड काडी बाहेर आली. काडीचं आतलं टोक गंजानं काळंनिळं पडलं होतं, आणि तो काळेपणा तिच्या बोटांनाही लागला. खिळा मात्र आतच राहिला. काडी खिशात टाकून ती स्वतःवरच मोठ्यानं हसली.

तेवढ्यात चुलतभावाचा, प्रेमदासचा फोन आला. "मिना, काका कुकरापाशी पडला. अंग लई तापलंय. बोलून न्हाई राहिला."

कडक ऊन, शेजारी जाळ, म्हातारं शरीर. कारण तिला पाठ होतं. तरी ती धावतच डोंगर उतरली. तिला भीती वाटत होती, लहान लेकराला वाटते तशी.

औंढ्याच्या दवाखान्यात धर्मसिंगला ओल्या चादरीत गुंडाळून सलाईन लावलं होतं. बेबीबाईनं मिनाची काळी बोटं पाहिली, पण विचारायचा तिला धीर झाला नाही. आईची नजर टाळायला मिनानं काडी काढून भिंगाखाली धरली. काळ्या डागापासून सालीपर्यंत खिळा ठोकल्यापासूनची सगळी वर्षं होती. आधीची वलयं जरा मोकळी होती. सालीकडं ती बारीक होत गेली होती, आणि शेवटची तर एकमेकांना चिकटलेली. खिळ्यानं काहीच धरून ठेवलं नव्हतं. ऊन वर्षानुवर्षं वाढतच आलं होतं. आता मिनाला खरी धास्ती बसली.

दुपार कलताना धर्मसिंगनं डोळे उघडले. घोटभर पाणी प्याला. बेबीबाई रडायला लागली.

"रडून काहून राहिली? खिळा हाय ना, मला काय होतंय," तो म्हणाला. "उद्या व्यंकटरावाच्या वावरात कुकर लागणार हाय. मला जायचंय."

"जाऊ नको बा. ऊन वाढत चाललंय. ह्या काडीत दिसतंय, बघ."

काडीकडं बघून तो हसला. "पोरी, खिळा हाय तोवर मला भेव न्हाई."

बेबीबाईनं मिनाकडं पाहिलं. "हाय न्हवं खिळा?"

मिनानं काडी मुठीत घट्ट धरली.

"न्हाई याडी. निघाला. मीच काढला."

धर्मसिंगनं उचललेली मान पुन्हा उशीवर टाकली. त्याचा चेहरा उतरला. बेबीबाई उठली आणि खाटेला पाठ लावून, मिना आणि नवरा यांच्या मधोमध उभी राहिली.

"उद्या कुठं जायचं न्हाई," ती मागं न बघता नवऱ्याला म्हणाली. मग मिनाला म्हणाली, "तू बाहेर व्हय."

काडी मुठीत तशीच धरून मिना बाहेर गेली.