खुराड्यातली देवी

लकडगंजातल्या लाकडाच्या वखारींमागे एकाच अंगणात दोन जावा राहत, रंभाबाई आणि जिजाबाई, आणि दोघींत बोलणं नव्हतं. कारण साऱ्या गल्लीला पाठ होतं. रंभाबाईच्या पुष्पलतेला देवी आल्या तेव्हा धाकट्या जावेने, म्हणजे जिजाबाईने, आपल्या चुलीवर वरणाला फोडणी घातली. घरात देवी असताना फोडणी, तळण, मटण सगळं वर्ज्य. तेलाचा वास देवीला खपत नाही. पोर गेली. पुढे रंभाबाईचा नवराही गेला, पण त्याचं खापर तिने कुणावर फोडलं नाही. पुष्पीचं मात्र जिजाबाईवर फोडलं ते कायमचं.

रंभाबाईने विधवापण कोंबड्यांवर काढलं. अंडी कामठीच्या छावणीत जात. गोऱ्या साहेबांची न्याहारी आपल्या खुराड्यावर चालते, असं ती सांगे, आणि ते फारसं खोटंही नव्हतं. कोंबड्या होत्या म्हणून उमरेडच्या भावाकडे भाकरीला जाण्याची पाळी तिच्यावर आली नव्हती. भावजयीच्या हातचं खाण्यापेक्षा उपास बरा, असं तिचं मत होतं.

त्या वर्षी पावसाळा सरत आला आणि कोंबड्यांच्या तुऱ्यांवर, डोळ्यांभोवती फोड उठले. फोडांच्या खपल्या झाल्या, डोळे मिटले. आंधळी कोंबडी पुढ्यात ज्वारी असून उपाशी मरते. रंभाबाईने ओळखलं, देवी आल्या. माणसाला येतात तशा पाखरालाही येतात, यात तिला काही नवल वाटलं नाही. तिने सारं यथासांग केलं. खुराड्याला कडुनिंबाचे डहाळे बांधले, देवीला थंडावा म्हणून मातीची परळं पाण्याने भरून कोपऱ्याकोपऱ्यात मांडली. हे पाणी खपल्या गळून देवीची बोळवण होईपर्यंत ओतायचं नसतं. आटलं तर वरून भरायचं.

राहिली फोडणी. रंभाबाई अंगणात उभी राहून, कुणालाच उद्देशून नाही अशा रीतीने म्हणाली, "घरात देवी हायेत. ज्याले समजते त्यानं समजावं."

जिजाबाईला समजलं. त्या दिवसापासून तिच्या चुलीवर फोडणी पडली नाही. तिचा नवरा बाबाराव फिक्कं वरण ढवळत म्हणाला, "कोंबड्यायसाठी आता माणसानं आजाऱ्यासारखं खावं का?" ती म्हणाली, "जेवा मुकाट्यानं." रंभाबाई रोज स्वयंपाकाच्या वेळी अंगणात नाक लावून बसे, पण तेलाचा वास एकदाही आला नाही. कोंबड्या मात्र मरतच होत्या.

अंडी बंद झाली तशी छावणीतून तक्रार गेली आणि गुरांच्या दवाखान्यातले मार्तंडराव आले. जन्मात घरात अंडं न आलेला हा माणूस. रुमालाने नाक झाकून त्यांनी खुराड्यात डोकं घातलं, एक कोंबडी धरायला गेले आणि तिने त्यांनाच चोच मारली. पण बोलले ते पक्कं बोलले.

"बाई, हा रोग डास पसरवतात. आजारी कोंबडीच्या तुऱ्याला चावतात, मग धडधाकट कोंबडीला. आणि डास होतात या पाण्यात. ओतून टाका."

"देवीचं पाणी हाय ते, साहेब. बोळवणीआधी नाही ओतता येत."

"पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी मारबतीच्या पुतळ्यापुढे ओरडता ना, रोगराई घेऊन जा, माश्या-डास घेऊन जा? आणि इथं त्यांनाच पाणवठा बांधून दिलात."

रंभाबाई हसली नाही. मार्तंडरावांनी तिला पाण्यात वळवळणाऱ्या बारीक अळ्या दाखवल्या. त्या ती रोजच बघत होती. पाणी म्हटलं की त्यात जीव असायचाच. तेव्हा त्यांनी वाद सोडला, एका परळाच्या तोंडावर आपला रुमाल ताणून बांधला आणि म्हणाले, "ओतू नका. नुसतं बघत राहा."

तिने बघितलं. एके सकाळी रुमालाच्या आतल्या बाजूला डास बसलेले होते. गाठ सुटलेली नव्हती, कापडाला भोक नव्हतं, बाहेरून आत शिरायला वाट नव्हती. आपणच रोज भक्तीने पाणी भरून हे पोसलं, हे तिला कळलं आणि तिला स्वतःची चीड आली. उरलेल्या कोंबड्या वाचवायच्या तर पाणी आजच ओतायला हवं, आणि ओतायचं तर आधी बोळवण. खपल्या गळण्याआधी देवीला निरोप द्यायचा या विचाराने ती घाबरली. पण खरी अडचण पुढेच होती. बोळवणीला देवीची ओटी सवाष्णीने भरायची असते, आणि अंगणात सवाष्ण एकच.

रंभाबाई जिजाबाईच्या उंबऱ्याशी जाऊन उभी राहिली.

"जिजा, देवीची ओटी भराले ये."

जिजाबाईचं पाखडणं थांबलं. "माह्या हातची चालन तुमाले?"

"तुह्या चुलीवर फोडणी नाही पडली. मी रोज पाहून राहिली. तरी मेल्या कोंबड्या."

"हो."

"मंग पुष्पीच्या येळी..."

जिजाबाईने सूप खाली ठेवलं. "घातली होती, बाई. तुमचं खरं होतं. माहं पोरगं फिक्कं खात नोतं, म्हणून घातली. इतकी वर्सं मलेही वाटे, माह्यानंच गेली तुमची पोर."

जिजाबाईला आपण दोषी धरलं, एवढंच रंभाबाईला आजवर ठाऊक होतं. तिनेही ते खरं मानलं असेल, असं तिच्या कधी मनातही आलं नव्हतं.

"नाही वं," ती म्हणाली. "तुह्यानं नाही गेली."

जिजाबाईने सरकून तिला जागा केली. रंभाबाई उंबरा ओलांडून तिच्याजवळ बसली. पाणी ओतायचं राहिलं होतं, खुराड्यात कोंबड्या ओरडत होत्या, आणि त्या दोघी पुष्पीसाठी पहिल्यांदाच एकत्र रडत होत्या.