पोतं डोक्यावर

राज्य नवं झालं आणि आमची पंचाईत झाली. आधी साहेब लोक भोपाळला असायचे, म्हणजे आमच्याकडे फिरकायचेच नाहीत. आता रायपूरच राजधानी. शाळा तपासणाऱ्या रूपाली मॅडम स्कूटरवर बसून थेट बीरगावच्या आमच्या शाळेत येणार होत्या. नववीच्या पोरांनी धडा वाचून दाखवायचा, आणि ज्याला जमणार नाही त्याने सुट्टीनंतर कमजोरांच्या वर्गात बसायचं.

मी अच्युत, हिंदीचा मास्तर. माझी पोरं भराभरा वाचतात, ही माझी शेखी. फक्त इंदू अडखळायची; तिच्या घरी माझ्यासारखीच मराठी. वर्गाचं नाक कापलं जाईल म्हणून मी तिला म्हटलं, "उद्या घरीच राय, पोरी."

"काहून सर? मी वाचतो ना. सुट्टीनंतर थांबलो तं घरचा स्वयंपाक कोण करन? बाबा शाळाच सोडवतीन."

ती आलीच. मॅडमही आल्या.

धडा होता बैलगाडीवाल्याचा. बैलांना भार होऊ नये म्हणून तो गाडीत बसूनच धान्याचं पोतं स्वतःच्या डोक्यावर घेतो. पोरांनी तो धडाधड वाचला. मॅडमनी विचारलं, "क्या समझे?" सगळा वर्ग एका सुरात म्हणाला, "पशुओं पर दया करनी चाहिए!" उत्तर माझंच. वर्षानुवर्षं मीच लिहून देत आलो होतो. मी मिशीवरून हात फिरवला.

मग इंदू उठली. एकेक शब्द ओढत वाचू लागली. पोत्यापाशी आली आणि खुदकन हसली.

"हँसी क्यों?"

"मैडम, वो तो गाड़ी में ही बैठा है ना! बोरा बैल ही ढो रहा है."

मॅडम हसल्या. वर्ग हसला. मग मलाही कळलं, सगळ्यात शेवटी. इतकी वर्षं मी एका विनोदावर गंभीर चेहऱ्याने प्रश्नोत्तरं घेत होतो! लाज अशी वाटली की विचारू नका.

मॅडमनी निकाल सांगितला: इंदू सोडून सगळा वर्ग सुट्टीनंतर थांबेल. शिकवणार मी, पण आधी धडा स्वतः वाचून यायचं.

सोमवारी सुट्टी झाली. इंदू दप्तर घेऊन निघाली, दाराशी थबकली, आणि हळूच म्हणाली, "लाजू नका, सर. मले बी पयले नव्हतं समजत."