नाक्यावरचा उभा अडसर

मी एक जुना अडसर आहे. दाराचा नव्हे, रस्त्याचा. दोन देशांच्या सीमेवर तांबड्या-पांढऱ्या पट्ट्यांचा लांब दांडा रस्त्यावर आडवा असतो ना, तो मी. पण गेली तीस वर्षे मी आडवा नाही, उभा आहे. मित्रांनो, तुम्ही कधी इथून गेला असाल तर मला दिव्याचा खांब समजला असाल. त्याचे मला वाईट वाटत नाही. कुत्रीसुद्धा तेच समजतात.

एका सुताराने मला रंधा मारून गुळगुळीत केले. लोहाराने लोखंडी खुंटावर बसवले आणि माझ्या आखूड टोकाला एक पेटी जोडली. पेटीत नदीतले अठरा गोल दगड भरले. "हे दगड म्हणजे याचा जीव," लोहार नाकेदाराला म्हणाला. "हे आहेत तोवर एका बोटाने वर, एका बोटाने खाली."

नाकेदार तेव्हा तरुण होता. टोपी तिरकी, शिट्टी गळ्यात. तो खरोखरच मला एका बोटाने हलवायचा, आणि कोणी बघत असेल तर करंगळीने. गाडी आली की मी खाली. कागद बघायचा, जकात घ्यायची, शिक्का मारायचा, की मी वर. लोक म्हणत, काय हलका हात आहे! कौतुक त्याचे व्हायचे, पण छाती माझी फुगायची.

त्या रांगेत रोज एक मुलगी उभी असायची. तिला सगळे धाकटी म्हणत. तिची थोरली बहीण लग्न होऊन पलीकडच्या गावात गेली होती, माझ्यापासून हाकेच्या अंतरावर. दोघींचा बुटांचा धंदा होता. धाकटी इकडे वरचे कातडे शिवायची, ताई तिकडे त्याला तळ बसवायची, आणि नाडी-पॉलिशसाठी बूट परत इकडे यायचा. म्हणजे प्रत्येक बूट कोणाच्या पायात जाण्याआधीच दोनदा सीमा ओलांडायचा. दोनदा रांग, दोनदा जकात. ताई पलीकडून ओरडायची, "अगं, बूट आहे की राजदूत?"

मग एके वर्षी शेजारपाजारच्या देशांनी मिळून व्यापारसंघ केला. आपापसांत जकात नाही, रांग नाही, शिक्का नाही. वरून कागद आला की अडसर वर करून ठेवा. नाकेदाराने मला उभे केले आणि दोरीने बांधले. गाठ मात्र सैल मारली, एका हिसक्यात सुटणारी. "चार दिवसांचं कौतुक आहे," तो म्हणाला. "येतीलच परत माझ्याकडे."

कोणी परत आले नाही. त्याची नोकरी गेली. नाक्याच्या त्याच खोलीत त्याने चहाचे दुकान टाकले आणि शिक्क्याच्या टेबलावर कपबशा मांडल्या. खरे सांगू? माझे सुखाचे दिवस तेव्हा सुरू झाले. काम शून्य, पण माणसे किती! मुले माझ्यावर पाठ टेकून उंची मोजत. धाकटी हातगाडी घेऊन न थांबता पलीकडे जायची, ताई यायची. दोघींचे केस माझ्यासमोर पिकले. त्या सहा जणींना काम देऊ लागल्या, तीन इकडच्या, तीन तिकडच्या.

माझी पेटी आता जमिनीलगत होती. एके दिवशी ताईने तिच्यातला एक दगड उचलला. तळ चिकटवला की वर वजन ठेवावे लागते. "एकच नेते हं," ती मलाच म्हणाली. मग धाकटीने नेला. मग कोणी कुंडीखाली ठेवायला, कोणी दारापाशी. उभ्या अडसराला दगड कशाला हवेत?

सगळेच सुखात होते असे नाही. गावात एक विणकर होता. त्याचे सोळा माग होते. रस्ता मोकळा झाला तसे बाहेरचे स्वस्त कापड आले आणि एकेक माग बंद पडत गेला. तो नाकेदाराकडे चहाला यायचा, आणि चहापेक्षा तोच जास्त उकळायचा. "नियम ठरतात लांबच्या शहरात आणि चटके बसतात आमच्या ढुंगणाला," तो म्हणायचा. त्याचे काय खोटे होते?

यंदा देशात हाच प्रश्न निघाला. संघात राहायचे की वेगळी चूल मांडायची? रविवारी मतदान ठरले. दुकानात रोज कपबशा आदळू लागल्या.

"वेगळं निघायचं," नाकेदार म्हणाला. "आपलं दार आपल्या हातात."

"काका, दार लावून बसलात तर चहा पिणार कोण?" धाकटी म्हणाली. "तुमची निम्मी गिऱ्हाइकं तिकडची. आणि माझा बूट पुन्हा चार दिवस रांगेत उभा राहिला, तर सहा जणींना मी काय सांगू? घरी बसा?"

"मी सोळा माणसांना तेच सांगितलं," विणकर हळूच म्हणाला. "मला कोणी विचारलं नाही."

धाकटीने त्याच्यापुढे बिस्किटांची बशी सरकवली. त्याने एक घेतले.

गुरुवारी पुन्हा वरून कागद आला. निकाल काहीही लागो, जुने अडसर चालतात का ते पाहून कळवा. माझी नस फक्त नाकेदाराला ठाऊक. त्याने ट्रंकेतून टोपी काढली, तिरकी घातली. सारा गाव जमला. त्याने माझ्या खुंटाला तेल दिले, मला थोपटले आणि करंगळी वर करून सगळ्यांना दाखवली. पेटीत मात्र डोकावला नाही. मग गाठीला हिसका दिला.

मित्रांनो, मी कोसळलो. करंगळीचे काय घेऊन बसलात, दहा हातांनीही मी थांबलो नसतो. मी रस्त्याच्या कडेच्या टेकूवर धाडकन आदळलो आणि मधोमध तडकलो. पलीकडून ताई तळांची हातगाडी घेऊन येत होती. मी तिच्या गाडीपुढे वीतभर अंतरावर पडलो. ती मटकन खाली बसली.

"ताई!" धाकटी धावली आणि माझ्याखालून पलीकडे जायला वाकली.

"थांबा! कागद?" नाकेदार ओरडला.

तीस वर्षांपूर्वीची सवय तोंडातून निसटली होती. धाकटी वाकलेलीच राहिली आणि मान वर करून म्हणाली, "काका, ती माझी बहीण आहे. बहीण असल्याचाही कागद दाखवू?"

नाकेदाराने टोपी काढली आणि तिला वाट दिली. ताईला लागले नव्हते. "राजदूत वाचला गं," ती म्हणाली, आणि मग दोघी रडल्या.

आता मला उचलायचे होते. खाली यायला एक हिसका पुरला होता, वर न्यायला इकडचे पाच आणि तिकडचे चार लागले. दोनदा मी अर्ध्यातून परत आलो. तेव्हा कुठे नाकेदाराने पेटी पाहिली. तळाला दोनच दगड होते.

"माझे दगड कोणी नेले?" तो गरजला.

"तुमच्या दुकानाचं दार कशाने अडवलंय, काका?" धाकटी म्हणाली.

नाकेदार मुकाट्याने गेला आणि आपला दगड घेऊन आला. मग एकेक जण आपापल्या घरून दगड घेऊन आला. ताईचा दगड गोंदाने चिकट झाला होता. कुंडीखालच्याला शेवाळ आले होते. सर्वांत शेवटी विणकर आला. "मागाला ताण द्यायला नेला होता," तो म्हणाला. "माग गेले, हा राहिला." त्याने दगड पेटीत ठेवला आणि धाकटीकडे पाहिले. "दगड देतोय बरं का. मत नाही."

"दगड पुरे आहे आज," धाकटी म्हणाली.

सोळा भरले. दोन कुठे गेले कोणाला आठवेना. मी जरा कण्हत, पण वर गेलो. नाकेदाराने मला पुन्हा बांधले.

"काका, गाठ कुठली मारलीत?" ताईने विचारले.

"दूध उतू जातंय माझं," असे म्हणून तो आत गेला. दूध गॅसवर चढवलेलेच नव्हते. गाठ कुठली ते मला कळले, कारण ती माझ्याच अंगावर आहे. तीन पदरी आहे.

रविवारी काय होईल, मला माहीत नाही. विणकराचेही खरे आहे आणि धाकटीचेही, आणि मी तर लाकूड. पण मित्रांनो, सगळ्या जुन्या वस्तू तुम्हांला विनवतात की आम्हांला अडगळीत टाकू नका, वापरा. माझी विनवणी उलटी आहे. मला तेल द्या, तडा बुजवा, पेटीतले दगड जागेवर राहू द्या. आणि मग, जमले तर, मला वापरू नका. माझ्यावर पाठ टेकून तुमची उंची तेवढी मोजा. आडवा असतो तर ती कुठे मोजली असती तुम्ही?